भोवरा की अंडं

छापखान्यात तिला सगळे 'घार' म्हणायचे. मुद्रितं तपासणं हे तिचं काम, आणि एखादा सुटलेला अनुस्वारही तिच्या नजरेतून निसटत नसे. निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं. नवरा केव्हाच गेलेला. एकुलती मुलगी दूरच्या शहरात वेधशाळेत नोकरीला, तिला बोलायला वेळ नसे.

मग मुलीलाच आईची गरज पडली. दुर्बिणीने टिपलेल्या दीर्घिकांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकासमूहांचे, आकार संगणकाने आपले आपण ओळखावेत, यासाठी तिची खटपट चालली होती. पण त्याआधी कुणीतरी हजारो चित्रं डोळ्यांखालून घालून कुठली कसली ते सांगायला हवं. त्यावरूनच संगणक शिकणार. आईने ते अंगावर घेतलं. वळणदार भुजांच्या सर्पिल दीर्घिकेला ती भोवरा म्हणे, गुळगुळीत गोलसर असेल ते अंडं, आणि धड कशातच न बसणारी म्हणजे 'आमचे छापखान्याचे मालक'. रोज संध्याकाळी मुलीचा फोन येई. एखाद्या चित्रावरून दोघी हमरीतुमरीवर येत आणि शेवटी हसत सुटत.

संगणक शिकला, आणि त्याचं आईशी जुळेनासं झालं. तो म्हणे भोवरा, आई म्हणे अंडं. मुलीला वाटलं, संगणकच चुकतोय. पण सहकाऱ्यांना तीच चित्रं दाखवली, तर भोवऱ्यांच्या फिकट भुजा सगळ्यांना दिसत होत्या. आईची सुरुवातीची उत्तरं चोख होती. अलीकडे मात्र तिला जिकडेतिकडे अंडीच दिसत होती.

मुलगी तशीच गाडीत बसून आली आणि आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली थेंबांवर टिकवायची. "आधी आला असतात तर..." एवढंच बोलून डॉक्टर थांबले.

घरी आल्यावर मुलीने विचारलं, "दिसत नव्हतं, तर सांगितलं का नाहीस?"

"चित्रं बंद झाली असती," आई म्हणाली. "मग तू कशाला फोन केला असतास?"

मुलीने थेंबांची बाटली उघडली.

आईची अलीकडची उत्तरं तिने कामातून काढून टाकली. काम नावाजलं गेलं. आभारांत आईचं नाव घालायचं तिच्या मनात होतं, पण वरिष्ठ म्हणाले, इतकं चुकलेल्या बाईचं नाव कशाला? तिनेही ताणून धरलं नाही.

फोन अजून येतो. थेंब घातलेस का? घातले. जेवलीस? जेवले. मग दोघींनाही काही सुचत नाही. "ठेवू?" मुलगी विचारते, आणि आई "ठेव" म्हणते.