हीट बावीसचं उत्तर

पनवेलमध्ये कृष्णकांत मोघे म्हणून चौकशी केलीत तर कुणी ओळख दाखवणार नाही. केके सर म्हणा, रिक्षावाला थेट जिन्याशी नेऊन सोडेल. जिन्याच्या तोंडाशी क्लासचा फलक आहे आणि फलकावर हाताची घडी घातलेल्या सरांचा फोटो. फोटो सोळा वर्षांपूर्वीचा आहे. त्यातल्या केसांबद्दल न बोललेलं बरं.

सरांचा दावा साधा होता. अकरावी-बारावीच्या फिजिक्सचं असं एकही गणित जगात नाही, जे नव्वद सेकंदांत सुटत नाही. आणि त्यांना ते खरोखरच सुटत असे, कारण सर गणित वाचतच नसत. "प्रश्न वाचायचा नसतो, ओळखायचा असतो," हे ते पहिल्याच दिवशी सांगत आणि पोरं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेत. किलोग्रॅम आणि मीटर दिसले की मेकॅनिक्स. अंश दिसले की हीट. ओहम दिसला की इलेक्ट्रिसिटी आणि हर्ट्झ दिसला की वेव्ज. मग त्या त्या विभागाचं सूत्र उचलायचं, आकडे भरायचे, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या की झालं. घर्षण नगण्य, हवेचा विरोध नगण्य, तारेचा रोध नगण्य. अठरा वर्षांत सरांनी इतकं काही नगण्य धरलं की शेवटी गणितातला दगड, बर्फ, बल्ब आणि टाळी वाजवणारा माणूस हेही त्यातच जमा झाले. शिल्लक राहिले ते नुसते आकडे.

या आकड्यांची एक पुस्तिका होती, 'केके चारशे'. चार विभाग, प्रत्येकात शंभर गणितं. ती सरांनी स्वतः तयार केली होती, म्हणजे जुन्या पुस्तकांतून उचलली होती. पण उचलेगिरी अंगाशी येऊ नये इतकी अक्कल सरांना होती. शिमल्याच्या कड्यावरून पडणारा दगड त्यांनी माथेरानच्या कड्यावरून पाडला. हिमालयात येणारा प्रतिध्वनी नेऱ्याच्या डोंगरात आणला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आकडे बदलले. पंचेचाळीस किलोचा मुलगा मूळ पुस्तकात पंधरा सेकंदांत तीन मजले चढत होता, सरांनी त्याला अर्ध्या सेकंदात चढवला. उत्तर आलं नऊ हजार वॅट, म्हणजे बारा घोड्यांची ताकद. इतक्या वर्षांत त्या पोराबद्दल कुणाला काही वाटलं नाही. सूत्र बरोबर होतं ना!

हीट विभागातलं बाविसावं गणित असंच जन्माला आलं. मूळ गणितात वीस ग्रॅम बर्फावर शंभर ग्रॅम गरम पाणी ओतायचं होतं. सरांनी वीसचा शंभर ग्रॅम बर्फ केला. शून्य अंशाचा शंभर ग्रॅम बर्फ, त्यावर पन्नास अंशाचं शंभर ग्रॅम पाणी, मिश्रणाचं तापमान किती? सूत्रात आकडे भरले आणि उत्तर आलं उणे पंधरा. ना अपूर्णांक, ना दशांशचिन्ह. उत्तर असं गुळगुळीत निघालं की ते बरोबरच असतं, हा सरांचा दुसरा सिद्धांत. सरांनी समाधानाने दोन रेघा मारल्या. गरम पाणी ओतून बर्फ आणखी गार करण्याचा हा शोध अकरा वर्षं पनवेलात शिकवला गेला आणि शेकडो पोरांनी तो पाठ केला.

पूर्वी घरतने तो पाठ केला नाही, आणि तिथून सगळं बिघडलं.

पूर्वी गव्हाणची. बारावीला होती, बोलायची कमी. दिवाळीनंतर सर चाळीस जणांची एक परीक्षा घेत आणि त्यातून पहिले वीस निवडत. या विसांना सर स्वतः शिकवत, सकाळी सातला. उरलेल्यांना परेश शिकवी, जो दोन वर्षांपूर्वी याच बाकांवर बसून उणे पंधरा लिहीत होता. परेशची बॅच संध्याकाळची, सुटायला नऊ. नऊनंतर गव्हाणला जाणारी बस नाही. म्हणजे इतर कुणासाठी विसात येणं हा मानाचा प्रश्न असेल, पूर्वीसाठी तो क्लास चालू राहतो की सुटतो याचा होता.

परीक्षेत हीट बावीस आलं, दोन मार्कांना. एकोणचाळीस जणांनी उणे पंधरा लिहिलं. पूर्वीने लिहिलं: 'शून्य अंश. साडेबासष्ट ग्रॅम बर्फ वितळेल, साडेसदतीस ग्रॅम तसाच राहील.' सरांनी सवयीने उत्तर बघितलं, पुस्तिकेशी जुळलं नाही म्हणून लाल फुली मारली आणि शेजारी लिहिलं, 'सूत्र वापर!' पूर्वी एका मार्काने एकविसावी आली. यादी जिन्यात लागली.

शनिवारी पालकसभा होती. पूर्वीची आई कुमुद मासळी बाजारातून तशीच आली, मागे पूर्वी, हातात तिची उत्तरपत्रिका. घरतांचं गव्हाणला तीन मजली घर आहे, नवऱ्याचा रेतीचा धंदा आहे, तिला बाजारात बसायची काही गरज नाही. पण घरी बसून करू काय, असं विचारत ती रोज पाटी उचलते. वेताच्या खुर्च्यांवर चहा पीत बसलेल्या पालकांमधून वाट काढत ती सरांसमोर उभी राहिली.

"सर, पोर दोन दिस धड जेवली नाय. काय चुकलं तिचं?"

"विशेष काही नाही हो ताई," सर मोठ्या मनाने म्हणाले. "एकच गणित. हुशार आहे मुलगी, पण स्वतःचं डोकं चालवते."

कुमुदने पोरीकडे बघितलं. "काय गनित हाय?"

"शंभर ग्रॅम बर्फ, त्यावर शंभर ग्रॅम पाणी ओतलं. पन्नास अंशाचं, बऱ्यापैकी ऊन," पूर्वी म्हणाली. "शेवटी किती गार-गरम होईल ते काढायचं."

"आनि सर काय सांगतात?"

"उणे पंधरा. म्हणजे बर्फापेक्षाही गार."

ताज्या पापलेटाला शिळं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं कुमुदने सरांकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "सर, मी वीस वर्सं बरफाशीच खेलतंय. बरफावर ऊन पानी वतलं का बरफ जातो. त्यो आनखी गार होत नाय. मीठ टाकलं तर होतो, पन ती गोष्ट येगली. तुमच्या गनितात मीठ हाय का?"

"ताई, ही थिअरी आहे," सर हसून म्हणाले. "व्यवहारात भांडं उष्णता घेतं, हवा घेते. गणितात आपण ते सगळं नगण्य धरतो."

"मंग तुमचा गनितातला बरफ मला द्या. फॅक्टरीवाल्याचा दुपारपर्यंत पुरत नाय."

दोन-तीन पालक मोठ्याने हसले. सरही हसले, पण सगळ्यांत शेवटी. तेवढ्यात पूर्वी हळूच म्हणाली, "सर, ते सूत्र सगळा बर्फ वितळला असं धरून चालतं. सगळा वितळायला आठ हजार कॅलरी लागतात. पाणी शून्यावर आलं तरी पाच हजारच देतं. उरलेला बर्फ वितळणार कशाने?"

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. नव्वद सेकंद तर सोडाच, चांगली दोन मिनिटं गेली. "बघतो मी," ते म्हणाले. अठरा वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं.

"बघा," कुमुद म्हणाली. "पन सोमवारच्या आत बघा. रातच्या ब्याचला ती येनार नाय, बस नसते."

रविवारी सकाळी सर स्वयंपाकघरात शिरले तेव्हा त्यांच्या बायकोला, नीताला वाटलं, चहा करतायत. नीता बँकेत नोकरीला, रविवारी तिला ओटा स्वतःच्या ताब्यात लागतो. सरांनी वजनकाट्यावर शंभर ग्रॅम बर्फ मोजला, तो शून्यावर यावा म्हणून त्याला थोडा घाम फुटू दिला, स्टीलच्या पातेल्यात टाकला आणि त्यावर गीझरचं शंभर ग्रॅम पाणी ओतलं. मग त्यांना थर्मामीटर आठवला. गेली अठरा वर्षं हीट शिकवणाऱ्या या घरात थर्मामीटर एकच होता, तापाचा, आणि तो पस्तिसाच्या खाली काही दाखवत नव्हता.

"काय चाललंय?" नीताने विचारलं.

"गोठतंय का बघतोय."

"गरम पाणी ओतून?"

सर पातेल्यात बघत राहिले. उणे पंधरा व्हायचं तर सगळ्याचा दगड व्हायला हवा होता. दगड झाला नाही. बर्फाचे तुकडे बारीक होत गेले, बराच वेळ पाण्यावर तरंगत राहिले आणि सरांनी बोट घातलं तर ते नुसतं गार लागलं. ते मनातल्या मनात पोरं मोजायला लागले. अकरा वर्षांची पोरं. त्यांतला केतन तर आता तळोज्यात एका कोल्ड स्टोरेजमध्ये इंजिनियर होता आणि गुरुपौर्णिमेला आठवणीने फोन करायचा.

"तुमचं झालं असेल तर घेते हं," म्हणत नीताने पातेल्यातलं पाणी दोन पेल्यांत ओतलं, वर कोकम सरबत घातलं आणि एक पेला त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी पेला बाजूला सारला. सगळा घोळ त्यांनी एका दमात सांगून टाकला. नीता म्हणाली, "मग त्यात काय? चुकलं म्हणून सांगा, यादी बदला, विषय संपला."

विषय संपला म्हणे! एकोणचाळीस जणांचे दोन दोन मार्क कापायचे, त्यांच्या आईबापांचे एकोणचाळीस फोन घ्यायचे आणि समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या क्लासला महिनाभर पुरेल इतकी चेष्टा आपल्या हाताने पुरवायची. सरांनी हे सगळं भराभर मनात मांडलं. एका पोरीची बस त्यात फार किरकोळ दिसत होती. सवय वाईट असते, त्या पोरीलाही त्यांनी नगण्य धरलं.

सोमवारी बॅचेस वेगळ्या होण्याआधीचा शेवटचा एकत्र तास होता. चाळीसही जण हजर. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि त्यांनी फळ्यावर हीट बावीस लिहिलं.

"हे गणित मी मुद्दाम असं ठेवलंय," सर म्हणाले. "अकरा वर्षं मी वाट बघतोय, की कधीतरी कुणीतरी मला पकडेल. बाकीच्या क्लासमध्ये याचं उत्तर बिनधास्त उणे पंधरा सांगतात!"

हे धडधडीत खोटं होतं. पण पुढचा अर्धा तास जे झालं ते खोटं नव्हतं. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा वर्गासमोर एक गणित वाचलं. बर्फ म्हणजे काय, त्याला वितळायला किती उष्णता लागते, पाण्याकडे ती आहे का, नसेल तर काय होणार, पातेल्यात शेवटी काय दिसणार. ते इतकं सुरेख सांगत होते की मागच्या बाकावरची पोरंही मोबाइल ठेवून पुढे सरकली. सरांना स्वतःलाही मजा वाटली. आपल्याला हे येतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि अठरा वर्षं आपण हे का केलं नाही याचं वाईटही वाटलं. उत्तर शून्य अंश, त्यांनी लिहिलं. बर्फ शिल्लक साडेसदतीस ग्रॅम.

पूर्वी उभी राहिली. "सर, मग माझे दोन मार्क?"

सरांनी खिडकीकडे बघितलं, डस्टर उचललं, पुन्हा ठेवलं. वाक्य आपोआप बाहेर पडलं.

"मार्क परीक्षेच्या दिवशीच्या उत्तराला असतात. त्या दिवशी उत्तर उणे पंधरा होतं."

आता कुणीतरी फिसकन हसेल, सरांना वाटलं. हसलं असतं तर बरं झालं असतं, त्यांनी कदाचित तिथेच कान पकडले असते. कुणी हसलं नाही. एकोणचाळीस माना खाली गेल्या आणि एकोणचाळीस जणांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. आपणच यांना असं घडवलं, हे लक्षात येऊन सरांना इतकी शरम वाटली की कानशिलं तापली.

पूर्वीने वही दप्तरात भरली, बाकांमधून वाट काढत दारापर्यंत गेली आणि "येते सर," म्हणाली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जात राहिला. जिना दोन मजल्यांचा. हाक मारायला सरांकडे तेवढा वेळ होता. मग खालचा आवाज थांबला. सरांनी फळा पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, हीट तेवीस.