टॅग काढणाऱ्याची सही

पान उलटं करायचं, देठ पानाला जिथे चिकटलाय तिथे अंगठ्याचं नख टेकवायचं, मग तोच अंगठा नाकाशी न्यायचा आणि झाड परत करायचं. "फूल येऊ द्या, मग सांगते." बस. समोरचा कितीही मोठा माणूस असो, ताईंचं उत्तर एवढंच.

या उत्तराने आमच्या बागप्रेमींच्या ग्रुपमधल्या शहाण्यांचं डोकं कसं फिरायचं ते मी पाहिलंय. आज मला त्या शहाण्यांचा जेवढा राग येतो, त्याच्या निम्माही तेव्हा त्यांना ताईंचा आला नसेल. आणि त्या शहाण्यांत मी पहिला, हे आधीच सांगून ठेवतो.

ताई आमच्या चाकणच्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होत्या, मी स्टोअरला. भोसरीहून सकाळच्या शिफ्टची एकच बस, त्यामुळे बारा वर्षं त्या पुढच्या सीटवर आणि मी मागच्या. ताईंचं माहेर भोसरीच्या जुन्या गावठाणातलं. नवरा लवकर गेला, तेव्हापासून त्या भावाकडे राहत. डब्यात जवसाची चटणी असली की पुढच्या सीटवरून न बोलता एक पुडी मागे यायची.

कंपनीत माल पास झाला की हिरवा टॅग, रिजेक्ट झाला की लाल. पिवळा टॅग म्हणजे थांबा, अजून ठरलेलं नाही. हा पिवळा टॅग कोणालाच नको असतो. डिस्पॅचवाले घिरट्या घालतात, मॅनेजर घड्याळ दाखवतो. एकदा मॅनेजर म्हणाला, "ताई, गाडी खाली उभी आहे हो." ताईंनी मान वर न करता विचारलं, "उभीच हाय ना? पळत तर न्हाई ना?" आणि पिवळा टॅग लावून मोकळ्या झाल्या.

भावाच्या गच्चीवर त्यांनी जुन्या रंगाच्या बादल्यांत अळू-सुरणाच्या कुळातली झाडं लावली होती. रानातली, नर्सरीतली, कोणी फेकून दिलेली. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन ही नावं त्या मोठ्या झोकात उच्चारायच्या, पण गच्चीवरच्या निम्म्याअधिक बादल्यांना पिवळी चिठ्ठी. मी हसलो तेव्हा म्हणाल्या, "ह्या कुळात पान लबाड असतंय. ल्हानपनी एक, मोठेपनी दुसरंच. फूल खोटं बोलत न्हाई." मग मला खाली बसवून त्यांनी फुलाचा फणा आणि त्याच्या आतली दांडी दाखवली. आतलं बघायला त्यांनी तो फणा ब्लेडने इतका हळू उघडला की मीच श्वास धरून बसलो.

अशा बाईला मी आमच्या बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. वाटलं, लोकांना फायदा होईल. सांगवीपासून माणपर्यंतचे लोक त्यात होते, बहुतेक शिकले-सवरलेले, मोठ्या पगाराचे. सकाळी कोणीतरी फोटो टाकायचं, "हे कोणतं?" दोन मिनिटांत सहा नावं हजर. सगळी फोनमधल्या ॲपने सांगितलेली, आणि सहाही वेगळी. ताई लिहायच्या, "देठाचा फोटो टाका. फूल आल्यावर परत टाका." त्यावर एक साहेब ठरलेलं उत्तर द्यायचे, "तोवर आम्ही रिटायर होऊ, ताई!" खाली हसऱ्या तोंडांची रांग. तुमच्याही ग्रुपवर अशी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली माणसं असतील. नसली तर देवाचे आभार माना.

श्रावणात आम्ही रोपांच्या देवाणघेवाणीचा कार्यक्रम ठेवला. मी सेक्रेटरी. रविवारी ताईंना ओव्हरटाइम होता, म्हणून शनिवारी संध्याकाळीच त्यांनी नऊ कुंड्या माझ्या हवाली केल्या. पाच कुंड्यांना पिवळ्या चिठ्ठ्या. त्यातली एक माणला शेताच्या बांधावर जेसीबी चालू होता तिथून उचललेल्या कंदाची, चांगली हातभर पानं आलेली. "पिवळ्या चिठ्ठीचं झाड ज्याला देनार, त्याला सांगून द्या," एवढंच त्या बोलल्या.

प्रमुख पाहुणे म्हणून एक माननीय येणार होते. टेबलावर ओळीने पाच ठिकाणी "नक्की माहीत नाही" लिहिलेलं त्यांना दाखवायचं? आमची काय शोभा राहील? मी ॲप उघडलं, फोटो काढले, घरच्या प्रिंटरवर छान ठळक अक्षरांत नावं छापली आणि पिवळ्या चिठ्ठ्या काढून त्या जागी लावली. माणच्या कुंडीवर लिहिलं, "अळू". माननीय आले, फोटो झाले, नारळ-शाल झाली. त्यांनी एका झाडाकडेसुद्धा पाहिलं नाही.

ती कुंडी सांगवीच्या एका वहिनींनी नेली. गौरीच्या दिवसांत त्यांनी त्याच पानांच्या वड्या केल्या. चिंच घातली होती, पण ते झाड चिंचेला जुमानणारं नव्हतं. घरात सगळ्यांचे घसे खवखवले. त्यांच्या सासूबाईंची जीभ सुजली, श्वास अडकायला लागला, दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले.

मग ग्रुप पेटला. "ही झाडं कोणी आणली होती?" "त्या कंपनीतल्या ताईंनी." "अडाणी माणसाच्या हातचं घेतलं की असंच होणार." लिहिणारे तेच, ज्यांना पानावरून नाव दोन मिनिटांत हवं असायचं. छापील नाव कोणी लावलं, हे एकानेही विचारलं नाही. मी वाट पाहत होतो, कोणीतरी विचारेल म्हणून. खोटं कशाला बोलू, कोणी विचारू नये म्हणूनच वाट पाहत होतो. मग साहेबांनी लिहिलं, "ॲडमिन झोपलेत का?" ॲडमिन मीच. मी ताईंना ग्रुपमधून काढून टाकलं. एक बोट लागलं त्याला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांनी मागे वळून पहिला प्रश्न विचारला, "आजी कशा हायेत?"

"बऱ्या आहेत. घरी आल्या."

"त्या कुंडीला माझी चिठ्ठी व्हती."

"पडली असेल, ताई. वारा होता."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. एखादा संशयास्पद तुकडा उजेडात धरून बघावा तसं. मग शांतपणे म्हणाल्या, "कंपनीत टॅग काढनाऱ्याची सही लागते. तुमच्यात न्हाई लागत?"

मला तेव्हा त्यांचाच राग आला. ओरडल्या असत्या, चारचौघांत माझी लाज काढली असती, तर बरं झालं असतं. सीटसुद्धा बदलली नाही बाईने. चटणीची पुडी तेवढी मागे येईनाशी झाली.

दिवाळीनंतर एकदा मी धीर करून पुढे वाकलो. "ताई, चिठ्ठ्या मी काढल्या होत्या."

"ठावं हाय मला," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मला कशाला सांगता? जितं माझं नाव घेतलं, तितं सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. रोज मेसेज लिहायचो, रोज पुसायचो. आज साहेबांचा वाढदिवस आहे, आज वहिनींच्या घरी पूजा आहे, आज एकादशी आहे. माणसाला भ्यायचंच असलं की पंचांगसुद्धा मदतीला येतं.

माघात बसथांब्यावर उभ्या असतानाच ताईंच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

ग्रुपवर संध्याकाळी त्यांचा फोटो आला, फुलांच्या चौकटीत. "आपल्या समूहाच्या मार्गदर्शिका, वनस्पतींच्या जाणकार यांना भावपूर्ण श्रद्धांजली." टाकणारे तेच साहेब. खाली हात जोडलेल्यांची रांग. माझं डोकं सणकलं. मेल्यावर मार्गदर्शिका? जिवंतपणी अडाणी! मी तिथल्या तिथे लिहिलं, "अळूचं नाव मी लावलं होतं. ताईंनी 'माहीत नाही' अशी चिठ्ठी लावली होती, ती मी काढली. त्यांचा काहीही दोष नव्हता." दोन मिनिटांत मेसेज गायब. दुसऱ्या ॲडमिनचा फोन आला, "अहो, प्रसंग काय, तुम्ही बोलता काय?"

दहाव्याला मोशीच्या घाटावर गेलो तो हा राग घेऊनच. ग्रुपमधलं एकही माणूस नव्हतं. प्रवचन झालं, गावातल्या दोघांनी श्रद्धांजलीची भाषणं केली, आणि ताईंच्या भावाने माझ्या हातात माइक दिला. "कंपनीच्या वतीनं दोन शब्द बोला."

मी बोलत सुटलो. माननीय, कुंडी, वड्या, ग्रुप, सगळं सांगितलं. म्हणालो, या बाईचं नाव विनाकारण खराब केलं, शिकलेल्या लोकांनी तिला चोरासारखं हाकलून दिलं. समोर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणाच्या काही ध्यानात येत नव्हतं.

भाऊ हळूच जवळ आला. "ताईला हाकललं व्हतं?"

मी माइक तोंडापासून बाजूला नेला, तो त्याच्यापुढे गेला.

"आमाला तर म्हनायची, ग्रुपात समदी लई मानत्यात मला. सारखं कायबाय इचारत्यात." त्याचा आवाज माइकमधून घाटभर गेला. "माघात बी म्हनली. कुनी हाकललं?"

"मी," मी म्हणालो.

त्याने माइक माझ्या हातातून काढून घेतला. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

मला तिथून निघायचं होतं, पण माणसं मांडवाच्या तोंडाशीच बसली होती. पंगत बसली तेव्हा भावाने मला हाताला धरून बसवलं आणि स्वतः वाढलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. भात वाढला, आमटी वाढली, बुंदी वाढली, परत येऊन पुन्हा भात वाढला. मी नको म्हणू शकलो नाही. पानात टाकायचीही हिंमत नव्हती. जेवढं वाढलं तेवढं सगळं खाल्लं.