हजेरीवहीतली सही

ते प्रकरण मोठं नव्हतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, पेपरात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. तरी इतक्या वर्षांच्या नोकरीतलं तेच प्रकरण अजून मनातून जात नाही.

मी सातारा जिल्ह्यातला. शिक्षण आठवी. शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार होऊन घरी बसलो. लिहायची सवय म्हणाल तर स्टेशन डायरीची. त्यामुळे घडलं तसं लिहितो. नाव कुणाचं लिहीत नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. वाशी आणि बेलापूरच्या मधल्या एका पोलीस ठाण्यात मी सहायक फौजदार होतो. हद्दीत एका बाजूला नव्या सोसायट्या आणि दुसऱ्या बाजूला खाडीकाठची जुनी गावं. नुकत्याच निवडणुका होऊन नगरसेवक निवडून आले होते. त्यातल्या आमच्या भागातल्या आठ जणांची एक प्रभाग समिती होती. महिन्याला एक सभा. विषय काय, तर गटाराची झाकणं, बंद पडलेले दिवे, कचऱ्याची गाडी गावात का येत नाही. सभेच्या दिवशी आम्ही एक शिपाई बंदोबस्ताला द्यायचो. तो खुर्चीत झोप काढून परत यायचा.

एका सकाळी या समितीतल्या एक बाई स्टेशनला आल्या. वय चाळीसच्या आसपास, आगरी पद्धतीचं लुगडं, हातात एक कागद. आमचा हवालदार चेष्टेखोर. म्हणाला, "या नगरसेविका बाई. आज काय, गटार का दिवा?"

बाई हसल्या नाहीत. कागद माझ्या टेबलावर ठेवला. "साहेब, यात लिवलंय का मी बोल्ली. मी नाय बोल्ली."

कागद म्हणजे दोन महिन्यांपूर्वीच्या सभेचं इतिवृत्त. शेवटी 'आयत्या वेळचा विषय' होता. म्हणजे छापील पत्रिकेवर नसलेला, सभा उठता उठता घेतलेला. खाडीलगतचं मोकळं मैदान गाड्या उभ्या करण्यासाठी घ्यावं, अशी शिफारस. अनुमोदक म्हणून या बाईंचं नाव, आणि पुढं एक ओळ : 'ग्रामस्थांची हरकत नसल्याचे सदर सदस्यांनी सांगितले.'

ते मैदान मला माहीत होतं. गावच्या बाया तिथं जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबी, सुकत घालायच्या. पिढ्यान्‌पिढ्या. हे इतिवृत्त कुणीतरी गावात नेऊन वाचून दाखवलं आणि गावकीनं बाईला वाळीत टाकलं. सख्खी जाऊ दारात थुंकून गेली. नळावर बाई आली की बाकीच्या हंडे उचलून निघायच्या.

"माज्या पोरीचं लगीन हाय माघात," बाई म्हणाल्या. "धवलारीन नाय बोल्ली. बोल्ली, तुज्या मांडवान मी पाय ठेवनार नाय. आता तुमी सांगा, धवलारीन नाय तं लगीन कसं लागंल?"

धवलारीण म्हणजे त्यांच्यात लग्नाची गाणी म्हणणारी, विधी करणारी बाई. तिच्याशिवाय लग्नाला लग्न म्हणत नाहीत. लग्नाला महिनासव्वा महिना होता. तेवढ्यात बाईला गावापुढं सिद्ध करायचं होतं, की तो ठराव तिचा नाही.

बाईंचा अर्ज लिहून घेतला. ठाण्याच्या साहेबांनी तो चौकशीला माझ्याकडंच दिला. "चार दिवसांत गुंडाळा," म्हणाले.

समितीची सभा व्हायची त्या विभाग कार्यालयात जाऊन मी हजेरीवही पाहिली. त्या तारखेला बाईची सही होती. शाळेत काढतात तशी एक एक अक्षर सुटं काढलेली. बाईला बोलावलं. त्यांनी लगेच कबूल केलं, "सही माजीच हाय."

माझं डोकं फिरलं. "मग कशाला आमचा टाइम खाता?"

"सही माजी. पन मी तिथं नव्हती."

"मग कुठं होतात?"

"आता म्हायती नाय. दोन म्हयने झाले."

इथं एक सांगतो. खोटं बोलणाऱ्याला त्या दिवशी तो कुठं होता ते पाठ असतं. गाव, वेळ, सोबत कोण, सगळं तयार असतं. खरा माणूस आठवत बसतो. मी अर्ज गुंडाळला नाही.

कार्यालयाच्या खाली एक चहावाला होता. सभेचा चहा तोच द्यायचा. दोन घोट घेऊन सहज विचारल्यासारखं केलं, "सभेला किती कप लागतात रे?"

"पाच."

"सदस्य तर आठ आहेत."

"मग? तिघी लेडीज हायेत ना."

"वहीत सह्या असतात त्यांच्या."

तो हसला. "साहेब, सह्या येतात. बाया कुठं येतात?"

एवढी खबर मला पुरली. दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या शिपायाला बोलावून घेतलं. त्याला हात लावला नाही. सकाळी दहाला दाराशेजारच्या बाकावर बसवला आणि माझ्या कामाला लागलो. येणारा-जाणारा त्याच्याकडं बघून जात होता. सरकारी शिपायाला लाठीची भीती नसते, नोकरीची असते. आपल्याला कुणी कुणी पाहिलं याचा हिशोब तो मनात करत राहतो. चार वाजता तो आपणच उठून आला.

"साहेब, एकदाच काय ते विचारा."

"वही घरी कोण नेतं?"

त्यानं मान खाली घातली. "मीच नेतो. पहिल्या सभेपासून. वरनं सांगितलंय, लेडीज मेंबरना कशाला त्रास, घरून सही घेऊन ये. म्हणजे कोरमचं टेन्शन नाही. तिघींच्या घरी जातो. चहा देतात, सही देतात."

"त्या दिवशी बाईकडं गेला होतास?"

"सकाळीच. ताई घाईत होत्या. म्हणाल्या, नळावर दोन बायांची मारामारी झालीय, दुपारी त्यांना घेऊन तुमच्या इथंच यायचंय."

तुमच्या इथंच. मी उठलो आणि कपाटातून त्या महिन्याची स्टेशन डायरी काढली. तारीख काढली. दुपारी पावणेतीन. 'नळावरील भांडणावरून दोन महिला हजर. सोबत नगरसेविका. त्यांचे समक्ष समजूत घालून साडेचार वाजता परत पाठविले.' अक्षर माझं होतं. सभा तीन ते चार झाली होती. त्या वेळात बाई माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली होती, आणि मीच विसरलो होतो.

त्या दिवशी मी खुशीत घरी गेलो. मंडळींना, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. मी कधी ठाण्यातलं घरात सांगत नसे, पण त्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "मग आता लगीन लागतंय म्हना की."

इतिवृत्त लिहिणारा लिपिक दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात बोलला. "अनुमोदक गावचाच पाहिजे असं तोंडी सांगितलं होतं साहेब. गावच्या दुसऱ्या मेंबरचं नाव टाकलं असतं तर तो उद्या ओरडला असता. ताई कधी बोलत नाहीत. म्हणून ताईंचं टाकलं."

"तोंडी कुणी सांगितलं?"

शेवटपर्यंत त्यानं ते नाव घेतलं नाही. मी ओळखलं होतं, पण ओळखणं म्हणजे पुरावा नव्हे.

मी अहवाल केला, डायरीच्या पानाची नक्कल जोडली आणि साहेबांपुढं ठेवला. साहेब हुशार माणूस. दोनदा वाचला.

"छान. म्हणजे बाई सभेला नव्हती हे शाबीत झालं."

"होय सर."

"मग हजेरीवर सही?"

"घरी घेतलेली सर. शिपायाचा जबाब आहे."

"म्हणजे गैरहजर असताना हजर असल्याची सही. ती सही नसती तर या ठरावात तिचं नाव घालता आलं असतं? खोट्या कागदाला मदत झाली ना? आरोपीत तिचंही नाव घ्या."

"सर, ती अर्जदार आहे. सह्या तर तिघींच्या आहेत."

"बाकीच्या दोघी त्या वेळी कुठं होत्या, तुमच्याकडं कागद आहे?" साहेबांनी माझ्या डायरीच्या नकलेवर बोट ठेवलं. "हिचा आहे. तुमच्याच हातचा."

मी सॅल्यूट करून बाहेर आलो. गुन्हा दाखल झाला तो तिघांवर : लिपिक, शिपाई आणि बाई. तोंडी सांगणारा साक्षीदारातसुद्धा आला नाही.

महिला शिपाई बरोबर घेऊन मी बाईला आणायला गेलो. लग्नाला बारा दिवस राहिले होते. बाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. पोरगी आत होती. बाईंना वाटलं मी चांगली बातमी घेऊन आलो. "या साहेब, बसा, च्या टाकतंय," म्हणाल्या. मी कारण सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि आमच्या मागून चालत आल्या. गाव दारात उभं राहून बघत होतं.

स्टेशनात अटकेचा पंचनामा सहीसाठी पुढं केला. बाईंनी पेन घेतलं नाही.

"काय लिवलंय? आधी वाचा."

मी वाचला. सगळा वाचला. 'तपासात असे निष्पन्न झाले की', इथं आलो तर म्हणाल्या, "निष्पन्न म्हंजे?"

"सापडलं."

"कोनी शोदलं?"

"मी."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन घेतलं आणि एक एक अक्षर काढून सही केली. दुसऱ्या दिवशी जामीन झाला.

पुढच्या रविवारी मी साध्या कपड्यात गावात गेलो. कुणी सांगितलं नव्हतं. देवळात गावकीची माणसं बसली होती. त्यांना सांगितलं, ठराव बाईनं केलेला नाही. त्या वेळी ती माझ्यापुढं बसली होती, मी स्वतः साक्षीदार आहे.

म्हातारा पंच म्हणाला, "ती थं नव्हती, ह्ये कबूल. पन तिनं थंच जावाला पायजे व्हतं ना? गेली असती तं 'नाय' तरी बोल्ली असती."

मलाही राग आला. "बाबा, वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा हिला तुम्हीच उभी केली. का? तर गरीब बाई आहे, गप बसते म्हणून. साऱ्या हद्दीला माहीत आहे."

म्हातारा जागचा हलला नाही. "गप बसाला उबी केली व्हती साहेब. सही कराला नाय."

परत येताना खाडीच्या बाजूनं आलो. मैदानाला सिमेंटचे खांब लागले होते. तरीही एका खांबाशेजारी कुणीतरी जवळा पसरला होता, चटईएवढाच.

आठवड्यानं आमच्या हवालदारानं सांगितलं, मुलाकडच्यांनी सोयरीक मोडली. आई कोठडीत राहिलेली, धवलारीण यायला तयार नाही, असल्या घरात कोण वरात नेणार? या वेळी त्यानं चेष्टा केली नाही. बाईंनी राजीनामा दिला. तो मात्र त्यांनी स्वतः कार्यालयात नेऊन दिला, असं ऐकलं. खटला बरीच वर्षं चालला आणि तिघंही पुराव्याअभावी सुटले. तो ठराव कुणी रद्द केला नाही. रद्द करायला विषय पत्रिकेवर घ्यावा लागतो, आणि तो कुणी घेतला नाही.

मंडळी अधूनमधून विचारायची, "त्या बाईच्या लेकीचं पुढं काय झालं वो?" मी म्हणायचो, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. गाव चालत वीस मिनिटांवर होतं आणि मी विचारायला गेलो नाही. पुढं तिनं विचारणं सोडलं. गेल्या वर्षी ती गेली. आता घरात बोलायला माणूस नाही, म्हणून हे लिहून काढलं.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर चांगलं सांगण्यासारखं काही नाही. त्यानंतर साधा माणूस हातात कागद घेऊन आला, की मी आधी तो कागद त्याच्यावरच उलटतो का ते बघायचो. उलटणारा असेल तर म्हणायचो, घरी जा, अर्ज देऊ नको, झालं ते विसर. असे किती जण मी दारातूनच परत पाठवले. त्यांचं खरं होतं हे मला माहीत होतं. पोलिसानं असं करू नये. मी केलं, आणि निवृत्त होईपर्यंत करत राहिलो.