सुई नाहीतर शटल

सकाळपासून बोचरा, कोरडा वारा सुटला होता आणि दुरुस्तीच्या दुकानातल्या एकूण एक शिलाई मशीनच्या तेलावर धूळ बसली होती. ताई एकेक मशीन पुसत होती; डोळे मात्र दाराजवळच्या टेबलावर. तिथं इतकी वर्षं बाबा बसत. आता त्यांना सुईचं नाक दिसेना. आज ते टेबल दोघी बहिणींपैकी एकीला मिळायचं होतं.

मोठी ताई, कामातही आधीची. पण हल्ली गिऱ्हाईक दारातूनच विचारी, "धाकटी आहे का?" की ताईच्या अंगाचा तिळपापड होई.

बाबांचा दंडक असा, की प्रत्येक मशीन दोघींनी तपासायचं आणि काय बिघडलंय त्याची आपापली चिठ्ठी डब्यात टाकायची. महिन्याच्या चिठ्ठ्या साठल्या होत्या.

तेवढ्यात शिंपीणकाकू आपलं मशीन घेऊन आल्या. "मेलं टाके सोडतंय बघा!"

ताईनं धागा पाहिला, ताण पाहिला. दोन्ही ठीक. "मग उरलं काय? सुई नाहीतर शटल. दोन्ही बदला, मोकळ्या व्हा."

"पण त्यातलं कोणतं?" धाकटी म्हणाली.

"कोणतं का असेना!"

"दोष हाताला लागेपर्यंत मी नाही बाई काही म्हणणार." धाकटीनं नुसती सुई बदलून चिंधीवर शिवून पाहिलं. टाके सुटतच होते. मग खालचा धागा अडकवणारं शटल काढून तिनं त्यावरचा ओरखडा काकूंच्या बोटाखाली दिला. "हे बघा."

बाबांनी काकूंनाच सगळ्या चिठ्ठ्या वाचायला लावल्या. ऐकून म्हणाले, "धाकटीनं जे जे लिहिलं, ते ताईच्या चिठ्ठीत आहेच. ताईचं सगळं मात्र धाकटीच्या चिठ्ठीत नाही."

"म्हणजे माझं मोठं!" ताई फुलली.

"मोठंच. झटकन पोचतं, आणि एकदाही खोटं ठरलेलं नाही. हिचं थोडं, सावकाश. पण हिनं म्हटलं की बोट ठेवून दाखवते. दाराशी माणसं खोळंबतात, म्हणून टेबल तुझं."

ताई ऐटीत जाऊन बसली. काकू त्या टेबलाला वळसा घालून थेट मागं गेल्या. "धाकटे, परवा दुसरं मशीन आणते गं. त्यातलं कोणतं, तेही दाखवशील ना?"

ताईचा पुन्हा तिळपापड झाला; ती उठून मागं गेली. कुणी बघत नाही असं पाहून तिनं टाकलेलं शटल उचललं, नख फिरवलं. लागला ओरखडा.

तिनं ते खाली ठेवलं, फडकं घेतलं आणि अर्धवट राहिलेलं मशीन पुसायला घेतलं.