तीन बाटल्या गार पाणी

बोपोडीच्या दशरथ ओव्हाळांना कुणी सहज विचारलं, ‘कंपनीत काय करत होता?’ तर विचारणाऱ्याची बस हमखास चुकायची. चिंचवडच्या एका मोटार कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं सिलिंडर हेड तपासली. हेड म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं जाड झाकण. सगळा जाळ त्याच्याखाली पेटतो. ते केसभर वाकलं तरी इंजिनाचा कारभार आटोपला. पोलादी पट्टी हेडवर उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि पट्टीखालून उजेडाची रेघ दिसते का बघायचं. दिसली की हेड बाद, मग करणारा कितीही गयावया करो. पुढे परदेशी गाड्या आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ कारखान्यात परदेशी मोजणी यंत्र आलं. त्याला डोळा मिटावा लागत नव्हता. दोन हजार एक साली दशरथरावांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. “स्वेच्छा साहेबांची, निवृत्ती माझी,” असं ते सांगतात.

त्यांची मुलगी दीक्षा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये लागली आणि तीन वर्षांनी तिनं जुनी गाडी घ्यायची ठरवली. दशरथरावांनी अकरा गाड्या नाकारल्या. एकीचा तर नुसता आवाज ऐकून. बारावी पसंत केली आणि घरी येऊन पाटीलकी मिळाल्यासारखे बसले.

पहिल्याच रविवारी बापलेक खडकवासल्याला गेले. परतताना धरणाकाठच्या चौपाटीच्या गर्दीत गाडी अडकली, तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला आणि बॉनेटखालून वाफ निघाली. मागून हॉर्न सुरू झाले. एका चकचकीत गाडीतल्या गृहस्थांनी काच खाली करून म्हटलं, “काका, गाडीतलं कळत नसेल तर निदान बाजूला तरी घ्या.”

गाडीतलं कळत नसेल! आणि हे दशरथ ओव्हाळांना! त्यांनी दीक्षाला गाडी कडेला घ्यायला लावली, टॉवेल गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडलं, वाफेनं मनगट भाजून घेतलं आणि कणसवाल्याकडून बर्फातल्या पाण्याच्या तीन बाटल्या आणून एकामागून एक आत रिकाम्या केल्या. दीक्षा शेजारी उभी होती. आतून ‘टक्’ असा आवाज आला. फार मोठा नाही. पण नुसत्या आवाजावरून गाडी नाकारणाऱ्या दशरथरावांना तेवढा पुरला.

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. सव्वीस वर्षांत त्यांच्या हाताखालून हजारो हेड गेली, पण सगळी टेबलावर, पंख्याखाली, गार. तापलेल्या हेडशी त्यांची आयुष्यात आज पहिली गाठ पडली होती. जन्मभर पोहण्याचं पुस्तक पाठ केलेल्या माणसानं विहिरीत उडी टाकावी, तशी ही त्यांची हुशारी.

गाडी ओढत नाना पेठेत रज्जाकभाईंच्या गॅरेजात नेली. रज्जाकभाई जुने ओळखीचे. दशरथरावांना ‘उस्ताद’ म्हणायचे. त्यांनी दोन दिवसांनी हेड उतरवून पुढे ठेवलं. दोन व्हॉल्व्हच्या मधोमध बारीक तडा होता.

“तापलेल्या इंजिनात गार पाणी कुणी ओतलं?” रज्जाकभाईंनी विचारलं.

दशरथरावांनी एक डोळा मिटून तडा निरखायला घेतला. तेवढ्यात दीक्षा म्हणाली, “मी, काका.”

“वाटलंच. लेडीज ड्रायव्हर! अगं पोरी, एवढे मोठे उस्ताद बाजूला उभे, त्यांना विचारायचंस तरी!”

गॅरेजातली दोन-तीन माणसं हसली. दीक्षा खाली बघत राहिली. दशरथरावांना आपली लाज वाटली. अशी लाज कंपनीचं गेट शेवटचं ओलांडतानाही वाटली नव्हती.

“रज्जाकभाई, तिनं नाही. मी ओतलं.”

“राहू द्या, उस्ताद.”

“अहो, खरंच मी ओतलं. तीन बाटल्या. बर्फातल्या.”

“बाप असावा तर असा,” रज्जाकभाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “पोरीची चूक अंगावर घेतो!”

दशरथरावांनी भाजलेलं मनगट दाखवलं, आईची शपथ घेतली, शेवटी आवाज चढवला. जितका चढवला तितकं त्यांचं बापपण मोठं होत गेलं. चहा आला, तोही त्यांना आधी. सव्वीस वर्षं लोकांनी त्यांच्या तोंडाकडे बघून स्वतःची चूक कबूल केली होती, आणि आज त्यांची स्वतःची चूक कुणी फुकट घ्यायला तयार नव्हतं.

बाहेर पडल्यावर ते दीक्षावर उखडले. “तू कशाला मधे तोंड घातलंस? खोटं कशाला बोललीस?”

“पूर्ण खोटं नव्हतं, बाबा.” ती रस्त्याकडे बघत म्हणाली. “गरम इंजिनात गार पाणी घालू नका, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. खडकवासल्याला जायच्या आदल्या रात्रीच मी वाचलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही ओतत होतात ना,” दीक्षा म्हणाली. “मला वाटलं, पुस्तकात चुकीचं छापलंय.”