लाइपझिगच्या वाफ्यात आंबील

विमानतळावर प्रवीणने दोन्ही हात पसरले, तेव्हा त्या हातांत आधी शिरली ती आमची ट्रॉली. ट्रॉलीमागे मी, माझ्यामागे सासूबाई आणि सासूबाईंच्या पदरामागे आमची तनू, वय वर्षं साडेचार. तिचे पप्पा नोकरीसाठी जर्मनीत आले त्याला दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून तिने त्यांना पाहिलं होतं ते फक्त माझ्या फोनमध्ये.

"तनू, पप्पा बघ!" मी म्हणाले.

तिने पदराआडून त्याला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. मग अंगठा आणि तर्जनी ताणून वीतभर माप दाखवलं आणि म्हणाली, "हे पप्पा न्हाईत. पप्पा एवढे असतात."

आम्ही हसलो. प्रवीणही हसला, पण रेल्वेने घरी जाताना तो पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर पिवळ्या मोहरीची शेतं होती आणि ती सुंदर होती, हे खरं. पण तो त्यांच्याकडे बघत नव्हता, एवढं मला कळत होतं.

माझा नवरा इंजिनिअर आहे. काळजी लागली की तो तक्ता करतो. घरी पोचलो तर फ्रीजवर तक्ता लावलेला: वार, वेळ, ठिकाण, ट्रामचा नंबर. लाइपझिगमध्ये मुलांना दाखवण्यासारखं जे काही आहे ते सगळं त्यात होतं. बारा दिवसांची रजा काढली होती आणि बारा दिवसांत लेक कडेवर यायलाच पाहिजे, असा त्याचा हिशेब होता. तक्त्यात तसं लिहिलेलं नव्हतं, पण मी त्याची बायको आहे.

पहिला मान प्राणिसंग्रहालयाचा. तिथे एक भलामोठा काचेचा मंडप आहे आणि आत अख्खं जंगल वाढवलंय. झाडांवर माकडं, खाली पाणी, पाण्यात फिरायला होड्या. जर्मन लोक आत शिरताच जॅकेटं काढून, घाम पुसत "आहा" करत होते. सासूबाई मात्र एका बाकावर डोळे मिटून बसल्या. "आता कुठं बरं वाटायलंय," त्या म्हणाल्या. "पण मला सांग प्रवीण, एवढा उकाडा तर लातूरला फुकट हाय. तिकीट काढून कशाला आणलंस?"

होडीत बसताना प्रवीणने शेजारची जागा पुसून ठेवली. तनू आली, जागेकडे पाहिलं, आणि आजीच्या मांडीवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तळ्याभोवती फिरणारी छोटी झुकझुक गाडी. तिची गंमत अशी की ती मुलंच चालवतात. इंजिनावर एक मोठा माणूस असतो. बाकी शिट्टी फुंकणारे, झेंडा दाखवणारे, तिकीट तपासणारे सगळे शाळकरी. निळ्या टोपीतली दहाएक वर्षांची मुलगी इतक्या कडक चेहऱ्याने तिकीट मागायला आली की मी शाळेत शिक्षिका असूनही उठून उभी राहिले. सासूबाईंनी तिकिटाबरोबर तिच्या हातात शेंगदाण्याचा लाडूही ठेवला. तिने तिकिटाला छिद्र पाडलं, लाडवाकडे बघून क्षणभर विचार केला आणि तो खिशात टाकून पुढे गेली. तनू त्या दिवशी पाच फेऱ्या बसली. चार माझ्याजवळ आणि एक चक्क एका अनोळखी कुत्र्याजवळ.

"उद्या पाण्याच्या पंपांचं मैदान आहे," प्रवीण रात्री तक्ता वाचत म्हणाला. तिथे मुलं हातपंपाने पाणी काढून चिखलात कालवे खणतात. तनूने कालवा खणला. प्रवीणने तिला मदत म्हणून बांध घातला. तिने तो लाथेने फोडला. मला हसू आवरेना, आणि लगेच हसल्याचं वाईटही वाटलं, कारण तो गुडघाभर चिखलात तसाच उभा होता.

रविवारी तक्त्यात फक्त 'निवांत फिरणे, डबा' असं होतं. या शहरात जागोजागी श्रेबरगार्टन आहेत (फ्लॅटमध्ये राहणारे लोक शहरातच भाड्याने बागेचा तुकडा घेतात, त्या बागा). हिरव्या कुंपणांच्या गल्ल्या, प्रत्येक फाटकाआड वाफे, एक खेळण्यातल्यासारखी खोली आणि एक टेबल. सासूबाईंनी लातूरहून आणलेल्या ज्वारीच्या पिठाचे धपाटे, ठेचा आणि एका मोठ्या बाटलीत आंबील (ताकात ज्वारीचं पीठ शिजवून, लसूण घालून करतात ती) असा सरंजाम घेतला होता.

एका बागेचं फाटक उघडं होतं. आत एक म्हातारे आजोबा शेगडीवर काहीतरी भाजत होते. आम्हाला बघून त्यांनी हातातला चिमटा उंच केला आणि "हालो" म्हणाले. सासूबाई वळल्या आणि सरळ आत गेल्या.

इथे परक्यांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे येळवस असते, म्हणजे वेळा अमावास्या. त्या दिवशी लातूर ओस पडतं; सगळे रानात जातात, उभ्या पिकावर आंबील शिंपडतात आणि तिथेच जेवतात. ज्याचं रान नाही तोही जातो, कारण बांधावरून कुणीही हात करतं आणि हात केला की जावंच लागतं. न जाणं म्हणजे त्या घराचा अपमान. सासूबाई सत्तर वर्षं हे पाळत आल्या होत्या.

"आई, ते नुसता नमस्कार करत होते!" प्रवीण मागून धावला.

"हातात चिमटा घेऊन नमस्कार करत्यात का कुठं?" म्हणत त्यांनी नऊवारी सावरली आणि खुर्चीत बसून गाठोडं सोडलं.

प्रवीणचे कान लाल झाले. तो जर्मनमध्ये माफी मागत राहिला. आजोबांनी बायकोकडे पाहिलं. त्या हेल्गाबाईंनी धपाट्यांकडे पाहिलं आणि मुकाट्याने आत जाऊन चार ताटल्या आणल्या. या देशात शेजाऱ्याकडेही दोन आठवडे आधी विचारून जातात, हे मला प्रवीणने नंतर सांगितलं. तोवर आजोबा ठेच्याचा मोठा घास घेऊन बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, बिअरचा अख्खा ग्लास संपला, आणि त्यांनी ताटली पुन्हा पुढे केली. आम्हाला रूबार्बचा केक (आंबट देठांची एक भाजी घालून केलेला) मिळाला. तनूने दोन तुकडे खाल्ले.

पोट भरल्यावर सासूबाई वाफ्यांकडे निघाल्या. बटाटे, सॅलड, शेंगांचे वेल. "रान चांगलं ठेवलंय बाईनं. आंबील शिंपडायला पाहिजे," त्या म्हणाल्या, आणि कुंपणाची एक डहाळी मोडली. प्रवीणने डोळे मिटले. त्यांनी हेल्गाबाईंच्या टेबलावरचं रिकामं भांडं घेऊन त्यात आंबील ओतली. "प्रवीण, भांडं धर. माझ्या मागं चाल."

"आई, इथं नको. मे महिन्यात कुठली येळवस?"

"धर म्हणते ना! लहानपणी बी असंच. आंबील धर म्हणलं की तोंड वाकडं!" आणि त्यांनी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला.

तनूच्या तोंडातला केक थांबला. "आई, आजी त्यांना का मारायलीय?"

"आजी त्यांची आई आहे ना, म्हणून."

ही बातमी तिला नवी होती. ती खुर्चीवरून उतरली आणि वाफे तुडवत गेली. तिने भांड्याची दुसरी कड पकडली. "आजी, मारू नको," ती म्हणाली. "आम्ही दोघं धरतो."

अशी ती वरात निघाली. पुढे सासूबाई डहाळी बुडवून सॅलडवर आंबील शिंपडतायत, मागे माझा नवरा आणि माझी लेक, आणि त्यांच्या मागे, का कोण जाणे, आजोबा आणि हेल्गाबाई. वळणावर भांडं कललं आणि प्रवीणची पँट भिजली.

"पप्पा, सांडू नको!" तनू ओरडली.

प्रवीण थांबला. त्याने तोंड फिरवून शेंगांच्या वेलांकडे केलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"चल की आता, उभा काय राहिलास," सासूबाई म्हणाल्या.

उरलेले दिवस तक्ता उलटा झाला. तनू प्रवीणच्या खांद्यावर बसून सांगायची, तिकडे जायचं. होडी, गाडी, चिखल सगळं पुन्हा झालं. परतीच्या दिवशी विमानतळावर तिला त्याच्या मानेवरून सोडवून घ्यायला मला त्याचीच मदत लागली. "आता पप्पा परत एवढे होणार का?" तिने वीत दाखवून विचारलं.

त्या वर्षीच्या येळवशीला आम्ही औशाजवळ सासूबाईंच्या भावाच्या रानात गेलो. आंबील शिंपायच्या वेळी मी फोन लावला. तिकडे नीट उजाडलंही नव्हतं, तरी प्रवीण हातात पातेलं घेऊन आपल्या खोलीतल्या टेबलाभोवती फिरत होता. इकडे रानात सासूबाई पुढे, मागे तनू. तिने फोन दोन्ही हातांनी धरला होता, अगदी सरळ, जराही कलू न देता, आणि हरभऱ्यातून एकेक पाऊल जपून टाकत होती.

"दे इकडे, हात दुखतील," मी म्हणाले.

"न्हाई," ती म्हणाली. "पप्पा सांडतील."