न पडलेलं निशाण

माझ्या चुलतभावाची बारी ज्या दिवशी बाद झाली, त्या दिवसापासून मी आमच्या यात्रा कमिटीच्या अध्यक्षांचं भलं चिंतलेलं नाही. हे त्यांनाही ठाऊक आहे. दिवाळीला त्यांचा शुभेच्छांचा मेसेज तरीही येतो, कारण तो सगळ्यांनाच जातो.

बैलगाड्यांच्या शर्यतीत एका गाड्याच्या एका धावेला बारी म्हणतात. आमच्या घाटात गाडे शेजारी शेजारी पळत नाहीत. एकेक गाडा एकटा चढावर पळतो आणि त्याला किती वेळ लागला ते मोजतात. खाली चुन्याच्या रेषेवरून बैल सुटले की मंचावरचा माणूस घड्याळ चालू करतो. वरच्या रेषेवर निशाणवाला उभा असतो. बैलांनी रेषा ओलांडली की तो निशाण खाली पाडतो आणि घड्याळ थांबतं. डोळे उघडे ठेवायचे आणि हात खाली करायचा, एवढंच त्याचं काम.

परंतु आमच्याकडे शर्यतीपेक्षा सत्कार मोठा असतो. पाहुणा आला की माईकवरून बाऱ्या थांबवतात. मग शाल, श्रीफळ, फेटा, आणि पाहुण्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरलाही गुलाबाचं फूल. अध्यक्षांना हे सगळं मनापासून आवडतं. घाटाच्या पायथ्याशी, गायरानात, त्यांनी स्वतःच्या वडिलांच्या नावाची सिमेंटची कमान उभी केली आहे. गायरान गावाचं, बैल शेतकऱ्यांचे, कमान मात्र त्यांची. तिच्यावरच्या फ्लेक्समध्ये ते खांद्यावर नांगर घेऊन उभे आहेत आणि खाली लिहिलं आहे, 'बळीराजाचा सुपुत्र'. वडिलांची जमीन त्यांनी केव्हाच सुप्याच्या एमआयडीसीच्या बाजूला प्लॉट पाडून विकली. नांगर कुणाचा आणला होता ते आम्हाला माहीत आहे. तो माझ्या चुलतभावाचा.

या भावाला मी दादा म्हणतो. त्याच्या गाड्याच्या चार बैलांपैकी पुढच्या जोडीतला डावा बैल बंदीच्या काळात, कोर्टानं शर्यती थांबवल्या होत्या तेव्हा, गोऱ्हा म्हणून घरी आला. शर्यतीच नव्हत्या, तरी दादानं त्याला पळायला शिकवलं. लोक म्हणायचे, याला वेड लागलंय. बंदी उठली आणि तो बैल जुन्नरपासून शिरूरपर्यंत घाट गाजवून आला. फक्त घरच्या घाटात त्याची बारी कधी धड झाली नव्हती. एकदा पाऊस आला, एकदा गाड्यापुढे पळणारी घोडीच आडवी झाली. आता त्याचं वय झालं होतं. दादाला बक्षीस नको होतं. गावच्या माईकवरून त्या बैलाची बारी एकदा पुकारली जावी, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि ते त्यानं आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की आम्हालाही तेच हवं झालं.

त्या वर्षी दादाचा गाडा जुंपून तयार असताना शेवगावकडचे कोणी पाहुणे आले. अध्यक्षांना वाटलं, एकेकाला कशाला, सगळ्या पदाधिकाऱ्यांना पाहुण्यांच्या हस्ते फेटे बांधू. माईकवरून नावं पुकारली गेली. त्यात निशाणवाल्याचंही नाव होतं. माईकवर नाव निघाल्यावर जागेवर उभा राहील असा माणूस आमच्या गावात अजून जन्माला आलेला नाही. त्यानं निशाण दगडावर ठेवलं आणि तो मंचाकडे गेला. बाऱ्या थांबवल्याचं माईकवरून सांगायचं राहून गेलं होतं आणि खालच्यांना वरचं दिसत नव्हतं. त्यांनी बारी सोडली.

बैल असे आले की कडेच्या माणसांनी आपोआप पाय मागे घेतले. मी पुष्कळ बाऱ्या पाहिल्या आहेत, पण ती बारी वेगळी होती. यूट्यूबवाल्याचा कॅमेरा त्या वेळी पाहुण्यांवर होता, ड्रोन मंचावर घिरट्या घालत होता, आणि निशाणवाला डोक्याला अर्धा फेटा गुंडाळून, कापडाचं दुसरं टोक मुठीत धरून, रेषेकडे बघत उभा होता. फेटा बांधताना मान हलवता येत नाही. त्यानं फक्त डोळे फिरवले.

दादा धापा टाकत मंचापाशी आला. "टाईम काय लागला?"

"निशाण पडलं न्हाई, दादा," अध्यक्ष म्हणाले. "निशाण पडलं न्हाई म्हंजी बारी झालीच न्हाई. बाद."

"मंग माझी बैलं वर आली कशी? एसटीनं?"

लोक हसले. अध्यक्षांनी माईक हातात घेतला. "गाडामालकांनी कृपया सहकार्य करावे. आता मी सन्माननीय पाहुण्यांना विनंती करतो की त्यांनी दोन शब्द बोलावेत." पाहुणे 'शेतकरी हा देशाचा कणा आहे' या विषयावर बोलले. बैलाला एका दिवसात दुसऱ्यांदा पळवत नाहीत. दादानं जू सोडलं, बैलाच्या पाठीवर झूल टाकली आणि भाषण चालू असतानाच बैल घेऊन घरी गेला.

सुप्याच्या रस्त्यावर, कारखान्याच्या बसेस थांबतात तिथे, एक चहाचं हॉटेल आहे. मी नगरहून आलो की आमचं मंडळ तिथे बसतं. मंडळ म्हणजे दादा, मी आणि मास्तर. मास्तर मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेत. रविवारी सकाळी चर्च आणि दुपारी जो घाट चालू असेल तो घाट, असा त्यांचा नेम. या बाकावर आम्ही तालुक्यातल्या सगळ्या घाटांचा निकाल लावतो. कुठल्या घाटाला चढ कमी, कुठे माती भुसभुशीत, कुठला पंच पाहुण्यांच्या बैलासाठी घड्याळ उशिरा चालू करतो, कुठला घाट कुणाच्या जमिनीत आणि तो मालक गेल्यावर पोरं काय करतील. त्या उन्हाळ्यात मात्र आमचा विषय एकच होता.

"बघणाऱ्यांतल्या तिघांनी मोबाईलवर घड्याळ लावलं हुतं," मास्तर म्हणाले, "आन् तिघांचे टाईम येगळे. त्यामुळं पुरावा म्हणून त्याचा काई उपयोग न्हाई."

मी म्हटलं, पेपरात पत्र लिहितो. मास्तर म्हणाले, कलेक्टर ऑफिसला तक्रार करू, परवानगीच रद्द होईल.

"परवानगी गेली तर बैलांचं नुकसान," दादा म्हणाला. "त्याचं काय जातंय? तो दुसरीकडं जाऊन फेटा बांधून घील. मला त्यो माझ्या बांधावर आलेला पाह्यजे. चालत."

मी आयुष्यभर इतिहासाची पुस्तकं वाचत आलो. दरबार भरवणाऱ्यांना शत्रूची भीती कमी असते आणि दरबार न भरण्याची जास्त, एवढं त्यातून कळलं होतं. पण त्या माहितीचं करायचं काय, हे दादाला सुचलं.

वरच्या रेषेनंतर बैल लगेच थांबत नाहीत. त्यांना पुढे मोकळं रान लागतं. आमच्या घाटात ते रान म्हणजे दादाचं वरचं वावर. आमच्या आजोबांपासून चालत आलेली रीत अशी की बाजरी निघाली की त्या वावरात दुसरं पीक घ्यायचं नाही, यात्रेतल्या बैलांसाठी ते मोकळं ठेवायचं. कुणी लिहून दिलेलं नाही, कुणी मागितलेलं नाही.

"औंदा कांदा लावतो तिथं," दादा म्हणाला.

मास्तरांनी कप खाली ठेवला. "कंचा?"

"रांगडा."

"आरं, रांगडा तर फाल्गुनातच निघतो. यात्रा चैत्रात. वावर मोकळंच आसंल की तवा."

"व्हय."

"हे शेंबड्या पोराला बी म्हाईत हाय."

"त्याला न्हाई म्हाईत," दादा म्हणाला. "त्यानं कांदा फक्त भेळीत बघितलाय."

मास्तरांनी कप उचलून उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "सूड घेऊ नका आसं आमच्याकडं सांगितलेलं हाय. पर कांदा लावू नका आसं कुठं म्हणलेलं न्हाई."

दिवाळीनंतर रोपं लागली. पाटाचं पाणी मिळालं आणि वावर हिरवंगार झालं. बातमी अध्यक्षांपर्यंत जायला वेळ लागला नाही. आता सगळी मदार एका गोष्टीवर होती. गावातल्या कुणीही, चहा पिता पिता, सहज, अध्यक्षांना एवढं सांगितलं असतं की अहो तो रांगडा आहे, यात्रेआधी निघेल, की खेळ संपला असता. मी दर आठवड्याला फोन करून विचारायचो, कुणी बोललं का. कुणी बोललं नव्हतं. कमिटीतले बोलले नाहीत. ज्यांना त्यांनी शाली घातल्या ते बोलले नाहीत. निशाणवाला तर त्यांच्या चुलत्याचा जावई, आणि स्वतःच्या शेतात रांगडाच लावणारा. तोही बोलला नाही. त्या अर्ध्या फेट्यातला त्याचा फोटो तोवर सगळ्या मोबाईलवर फिरला होता. फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून ज्यांचे चेहरे छापले जातात, त्यांतला एकही माणूस कांद्याबद्दल एक वाक्य बोलला नाही. मला आजवर कुठल्याही मतमोजणीनं इतका आनंद दिलेला नाही.

अध्यक्षांनी आधी माणसं पाठवली. मग बैलांची वहिवाट आहे, असा निरोप धाडला. दादानं उलट निरोप दिला, "वहिवाट बैलांची हाय. बैलांना पाठवा बोलायला." मग त्यांनी वरची रेषा खाली आणायचं ठरवलं. ते ऐकून गाडामालक हसले. एवढ्या लांबीत कोंबड्या पळवा, असं एकानं ग्रुपवर टाकलं. शेवटी माघात एका सकाळी ते आले. गाडी कमानीपाशी ठेवून घाट चढत, चालत. मी त्या दिवशी तिथे होतो. पोटदुखीचं कारण सांगून मी पुतण्याच्या साखरपुड्याला गेलो नव्हतो.

"दादा, ह्या कांद्याचं काय करायचं?" अध्यक्ष म्हणाले.

"भजी," दादा म्हणाला.

"चेष्टा नको. तुमचं नुकसान हुईल ते आपन बघू."

"कांद्याचं बोलायचंच न्हाई. वावर मोकळं पाह्यजे ना? मिळंल. यात्रेच्या दिवशी शेवटची बारी हुईस्तवर एक बी सत्कार न्हाई. फेटा न्हाई, शाल न्हाई. आन् निशाण तुमी सोता धरायचं. पहिल्या बारीपासनं."

"मी?"

"तुमीच म्हणला हुता ना, निशाण लई महत्त्वाचं. आन् माझ्या बैलाची बारी सगळ्यात शेवटी."

अध्यक्षांनी कांद्याकडे पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. पाती टवटवीत होती आणि त्यांना त्यातलं काहीही कळत नव्हतं. ते म्हणाले, "झाल्या गोष्टीबद्दल माफी मागतो की मी. माईकवरून मागतो. पर पाहुण्यांना मोकळ्या डोक्यानं कसं बसवायचं?" माफी मागण्याबद्दल त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. फेटा सोडताना मात्र जीव जात होता.

"तुमची मर्जी," दादा म्हणाला आणि खुरपायला खाली बसला.

दोन दिवसांनी त्यांनी देवळात, सगळ्या गावासमोर, 'घाटाची परंपरा टिकवण्यासाठी' अटी मान्य असल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. फाल्गुनात दादानं कांदा काढायला घेतला. आम्हीही गेलो, मास्तर टोपी घालून. अध्यक्षांची गाडी खालच्या रस्त्यानं चालली होती, ती थांबली. काच खाली झाली. वावरात कांद्याचे ढीग पडलेले, माणसं पाती कापत बसलेली, आणि यात्रा अजून लांब. काच बराच वेळ खालीच राहिली. त्यांना कळलं, हे आम्हाला इथून दिसलं. पण आता तक्रार करायची तर चारचौघांत काय सांगणार? रांगडा कधी निघतो ते बळीराजाच्या सुपुत्राला ठाऊक नव्हतं, हे? काच वर गेली.

यात्रेच्या दिवशी ऊन कडक होतं. अध्यक्ष सकाळपासून वरच्या रेषेवर उभे होते, उघड्या डोक्यानं, निशाण हातात घेऊन. पाहुणे आले, मंचावर बसले, इकडेतिकडे पाहिलं, आणि ज्यांना शर्यतीत रस नव्हता ते पाणी पिऊन निघून गेले. फेट्यांची खोकी बंद राहिली. माईकवाल्याला नावं घ्यायची सवय. ती घेता येईनात, तेव्हा तो नाइलाजानं बैलांबद्दल बोलू लागला आणि चांगलं बोलला. बाऱ्या एकामागून एक सुटत होत्या. मी माझी खुर्ची मुद्दाम वरच्या रेषेपाशी नेली होती. दर बारीला त्यांचा हात खाली येताना पाहत होतो. दुपारनंतर ते निशाण दोन्ही हातांनी धरायला लागले. मला त्यांची दया आली नाही. येते का, म्हणून मी दोनदा तपासून पाहिलं.

उन्हं उतरल्यावर दादाची बारी आली. बैल थकलेला नव्हता, म्हातारा झाला होता. तो मन लावून पळाला. उरलेले तिघं त्याच्यापेक्षा जोरात होते आणि त्यांनी त्याला ओढून नेलं असंही कुणी म्हणेल, पण तो पळाला. रेषा ओलांडली, निशाण पडलं, आणि माईकवरून दादाचं नाव, बैलाचं नाव आणि बारीचा टाईम पुकारला गेला. टाईम सामान्य होता. बक्षिसाच्या आसपाससुद्धा नव्हता. गाडा पुढे वरच्या वावरात शिरला आणि दादा त्याच्यामागे पळत गेला. तो बैलाच्या गळ्याला हात घालून उभा राहिलेला दिसला. तिकडे मी गेलो नाही. मला इकडे काम होतं.

अध्यक्षांच्या ओठांना कोरड पडली होती. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "झाली बारी. नंबरात न्हाई बसली."

"त्यानं नंबर मागितलाच नव्हता," मी म्हणालो.

"मंग आता झालं ना समाधान?"

"त्याचं झालं. माझं अजून नाही."

त्यांनी निशाण बाजूला धरलं, तिकडे न पाहता. अशा माणसांना हातातली वस्तू नुसती बाजूला धरायची सवय असते, घेणारा कुणीतरी असतोच. माझ्याशेजारी मास्तर होते, फेट्याविना बसलेले कमिटीचे दोघं होते, निशाणवालाही होता. कुणीच हात पुढे केला नाही. थोड्या वेळानं त्यांनी पाहिलं, निशाण काखेत घेतलं आणि ते घाट उतरायला लागले. खाली टेम्पोत बैल चढवणं चाललं होतं. आपापल्या बैलांत गुंतलेली माणसं वाटेतून हलली नाहीत. अध्यक्ष त्यांना वळसे घालत, शेणातून पाय उचलत, कमानीपर्यंत गेले. मी खुर्चीवरून उठलो नाही. ते गाडीत बसेपर्यंत पाहत राहिलो.